जीपचे खांदे

श्रावण सरत आला की नेवाशाच्या बाजारात हिंगूळ, गोंडे आणि घुंगरमाळा दिसू लागतात. यंदा मी माहेरी आले आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या चुलतभावाच्या मुलानं, ओंकारनं, नवीकोरी जीप आणून अंगणात उभी केली. गाडी उंच आहे, काळी आहे आणि रागावल्यासारखी दिसते. आल्या दिवसापासून हिला आणखी काय काय बसवायचं, हा एकच विषय घरात चालू आहे. पुढं दोर गुंडाळायचं चाक बसवायचं, म्हणजे चिखलात रुतली तर ती स्वतःच स्वतःला ओढून काढेल. टपावर दिव्यांची रांग. बाजूनं वर चढवलेली एक नळी, म्हणजे पाण्यातून जाताना इंजिनाच्या नाकातोंडात पाणी जाणार नाही. पाणी कुठं आहे, असं मी विचारलं. आमच्या ओढ्यावर पूल होऊन जमाना झाला, आणि ओंकार जिथं जिथं जातो तिथं डांबरी रस्ता आहे. तो म्हणाला, आत्या, असलं विचारायचं नसतं, ऐनवेळी लागतं.

ऐनवेळी काय लागतं, हे या घरात आता माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. कारण या अंगणात आलेली पहिली जीप आठवणारी मी एकटीच उरले आहे. मला ती आठवते ती दिसण्यानं नाही, वासानं. पेट्रोल, शेण, आणि लोण्यात कालवलेली हळद. असा वास जगातल्या दुसऱ्या कुठल्या गाडीला आला असेल, असं मला वाटत नाही.

दुष्काळ संपला त्या साली, त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात, आमच्या वस्तीवरचा गोठा रिकामा होता. जोडीतला हौश्या बैल चारा छावणीतच मेला. पाखऱ्याला वैरण असलेल्या घरी तरी जाऊ दे म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, त्याला घोडेगावच्या बाजारात दुसऱ्याच्या हाती दिला आणि घरी येताना त्याचा कासरा तेवढा परत आणला. पाऊस झाला, बाजरी गुडघ्याला लागली, रेशनवरच्या परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी ताटातून गेल्या, पण अण्णा रोज सकाळी उठून रिकामा गोठा झाडायचे. आई म्हणायची, कशाला झाडता, तिथं कोण घाण करतंय? ते झाडतच राहायचे. मला त्यांच्याकडं बघवायचं नाही.

नवी जोडी बघायला अण्णांनी धाकट्या भावाला, म्हणजे तात्यांना, नगरला धाडलं. तात्या दोन बैल बघायला गेले आणि लष्कराच्या लिलावातली एक जीप घेऊन आले. पैशाचं कसं जमवलं ते आम्हा पोरींना कुणी सांगितलं नाही. तात्यांनी आयुष्यात ट्रॅक्टर सोडून काही चालवलेलं नव्हतं. घरी कशी आणली असं विचारल्यावर त्यांनी "सरळ" असं उत्तर दिलं. आता अण्णा भडकणार म्हणून आई चुलीपाशी जाऊन बसली. पण अण्णांनी जीपभोवती एक फेरी मारली, पुढचं टोपण उचलून आत इंजिन बघितलं, पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "वय काय हिचं?" मग ते म्हणाले की बरं झालं. पुन्हा जनावर दावणीला बांधायचं नाही, मरताना बघवत नाही. त्या दिवशी जीप गोठ्यात बांधली गेली. बांधली हा शब्द मी शोभेला वापरत नाही. अण्णांनी पाखऱ्याचा कासरा तिच्या पुढच्या लोखंडाला अडकवून खुंट्याला खरोखरच गाठ मारली होती.

दुसऱ्या दिवसापासून जीपला काय पाहिजे यावर घरात मतं सुरू झाली. तात्यांना भोंगा हवा होता, तीन सुरांचा, मालट्रकला असतो तसा, आणि पुढं दोन पिवळे दिवे. आईला मागं पडदे हवे होते, म्हणजे बायकामाणसांना उघड्यावर बसावं लागणार नाही. मध्येच शेजारच्या वस्तीवरचे लोक येऊन गोठ्याच्या दारात बसायचे आणि ज्यांच्या घरी सायकलही नव्हती ते हिला डिझेलचं इंजिन टाका असा सल्ला द्यायचे. एकानं तर मागं जू बसवा म्हणून सुचवलं, नांगरट होऊन जाईल. तात्या प्रत्येकाचं गंभीरपणे ऐकून घ्यायचे. अण्णा फक्त एक प्रश्न विचारायचे, "थांबती का पन?"

आता माझं सांगते, कारण या सगळ्यात माझा जीव अडकला होता. मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास झाले होते. आमच्या सगळ्या भावकीत अकरावी पास झालेली मी पहिली मुलगी. श्रीरामपूरच्या कॉलेजात नाव घातलं होतं, दोन साड्या नव्या आणल्या होत्या, आणि एसटी आमच्या फाट्यावर सकाळी थांबायची. पण गाव आणि फाटा यांच्या मध्ये ओढा होता. शाळेत असताना पावसाळ्यात हौश्या-पाखऱ्याची गाडी मला ओढ्यापलीकडं सोडायची. ज्यांची जनावरं वाचली होती ते सगळे त्या साली शेतात गुंतले होते, कुणाला रोज मागणार? थोडे दिवस मी चपला हातात घेऊन ओढा पार केला. मग एकदा पाय घसरून कमरेएवढ्या पाण्यात पडले, वह्या वाहून गेल्या, आणि अण्णांनी पायी जाणं बंद करून टाकलं. जीप ओढ्यातून जायला लागली तर कॉलेज, नाहीतर पुणतांब्याच्या माणसांना पोळा झाल्यावर मला बघायला बोलवायचं, असं ठरलं. पुणतांब्याचा मुलगा चांगला होता म्हणे. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नव्हती, त्याला फक्त मी ओळखत नव्हते.

तेव्हा जीपला काय बसवायचं, हा माझ्या दृष्टीनं गाडीचा प्रश्न नव्हताच.

जीप ओढ्यातून जायची नाही. तात्या मोठ्या झोकात उतारावर यायचे, पाण्याशी आले की थांबायचे आणि विचार करायचे. विचार झाला की हळूच पुढची चाकं पाण्यात घालायचे आणि पुन्हा विचार करायचे. आमची माती काळी आहे. तिच्यात उभं राहून विचार केलेला तिला खपत नाही. चाकं जागच्या जागी फिरायची, तात्यांच्या अंगावर आणि काठावर जमलेल्या सगळ्यांच्या अंगावर सारखाच चिखल उडायचा, आणि शेवटी कुणाची तरी बैलजोडी आणून जीप मागं ओढून काढावी लागायची. ते बघताना अण्णा तोंड फिरवून उभे राहायचे. जनावर नको म्हणून आणलेली गाडी दुसऱ्याच्या जनावरानं ओढावी, हे त्यांना लागायचं.

मग फाट्यावरचा निसार मिस्त्री आला. मिस्त्रीला गाडीतलं कळायचं, पण त्याहून जास्त त्याला बोलायला आवडायचं. गिअरच्या दांड्याशेजारी एक आखूड दांडा होता. तो आल्यापासून हललेला नव्हता आणि तात्या त्याच्यावर आपली टोपी ठेवायचे. मिस्त्री म्हणाला की हा पुढच्या चाकांचा दांडा. हा पडला की चारी चाकं ओढतात, मग ओढा काय आणि प्रवरा काय. पण आतून गंजून बसलाय, सगळी पेटी उघडावी लागेल, सामान नगरहून आणावं लागेल. शिवाय त्यानं चाकं काढून दाखवली. ब्रेकचे लायनर झिजून लोखंड लागलं होतं. अण्णांना लायनर काय ते कळेना. मिस्त्रीनं पान तोंडात इकडून तिकडं केलं आणि समजावलं, "अण्णा, ह्यो गाडीचा खांदाच समजा. उतारावर सगळं वजन ह्याच्यावर येतं. बघा, सोलपटून गेलाय."

अण्णा वाकून बराच वेळ त्या खांद्याकडं बघत राहिले.

पोळ्याच्या आत एकच काम होणार होतं. त्या दिवशी घरात प्रत्येकानं आपलं घोडं पुढं दामटलं. आईनं पडद्याचं कापडसुद्धा काढून ठेवलं होतं. मी अण्णांसमोर कधी फार बोलत नसे, पण त्या दिवशी पदराचं टोक पिळत म्हणाले, "अण्णा, पुढच्या चाकांचं करा. माझं कॉलेज बुडतंय." अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि मिस्त्रीला सांगितलं, "खांद्याचं कर. चालली न्हाई तर चालंल, थांबाया पायजे." मी माजघरात जाऊन ज्वारीच्या पोत्यावर बसून रडले. तात्यांनी माझी समजूत काढली आणि तेवढ्यात गपचूप जाऊन भोंगा बसवून आणला. तो वाजवून दाखवला तेव्हा शेजारच्या वस्तीवरची म्हैस दावं तोडून पळाली.

मिस्त्रीनं पोळ्याच्या आदल्या दिवशी चारी चाकांना नवे लायनर घातले. वरची झाकणं, ते ड्रम का काय म्हणतात ती, त्यानं बाजूला ठेवली आणि सकाळी येऊन बसवतो म्हणून निघून गेला. जीप दगडांवर टेकवून गोठ्यात तशीच उघडी राहिली.

ज्यांच्या घरी बैल आहेत त्यांना सांगायला नको की पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचे खांदे सोलवटतात, म्हणून ते गरम पाण्यानं शेकतात, लोण्यात हळद कालवून चोळतात, आणि त्याच्या कानाशी जाऊन उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. त्या संध्याकाळी सगळ्या वस्त्यांवरून घुंगरांचे आवाज येत होते आणि आमच्या गोठ्यात नुसती जीप उभी होती. आईनं सवयीनं लोणी काढलं होतं. अण्णांनी तिच्या हातातून वाटी घेतली आणि गोठ्यात गेले. मी कंदील धरायला मागून गेले. ते खाली बसले आणि एकेका चाकापाशी जाऊन, अगदी सावकाश, त्या नव्या लायनरांना हळद-लोणी चोळू लागले. बोटांनी, मग तळहातानं. बैलाला बोलावं तसं हळू काहीतरी बोलत होते. चौथा खांदा झाल्यावर जीपच्या पुढच्या दिव्याच्या काचेशी, कानाशी न्यावं तसं तोंड नेऊन म्हणाले, "आवतन घ्या. उद्या जेवाया या."

मला हसू आलं नाही. लोण्यानं ब्रेकचं काय होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, अण्णांनाही नव्हतं. मला फक्त बरं वाटलं की त्यांच्या हाताला पुन्हा काम मिळालं.

सकाळी सणाच्या गडबडीत मिस्त्री उगवला नाही. तात्यांनी बाह्या सरसावल्या आणि ड्रम स्वतः बसवले. आत पिवळं काही दिसलं तेव्हा मिस्त्रीनं नवीन जातीचं ग्रीस लावलंय, असं त्यांनी मला कौतुकानं सांगितलं. वासही चांगला आहे म्हणाले.

दुपारी जीप सजली. टोपणावर जुनी झूल, दोन दिव्यांना हिंगुळाचे ठिपके, आरशांना गोंडे, पुढं घुंगरमाळा, आणि मधोमध हौश्याचं बाशिंग. ते सारखं घसरत होतं, म्हणून पुरणपोळीच्या नैवेद्याचं ताट मांडीवर घेऊन मागं बसायचं आणि सुटलं की तात्यांना सांगायचं, हे काम माझ्याकडं आलं. मागं चढताना नव्या साडीचा काठ कुठंतरी अडकून टर्रकन फाटला. अण्णा तात्यांशेजारी बसले, डोक्याला फेटा. गावात त्या साली बैल थोडे होते आणि जे होते त्यांच्या बरगड्या झुलीखालीही दिसत होत्या. त्यांच्या मागून आमची जीप पहिल्या गिअरात, चालीनं, घुंगरं वाजवत निघाली. लोक हसले, पण त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. एकानं तर गाडीवर भंडारासुद्धा उधळला.

मारुतीच्या देवळापाशी थांबायचं होतं. देवळापासून पुढं रस्ता सरळ ओढ्यात उतरतो. तात्यांनी क्लच दाबला, ब्रेक दाबला, आणि जीप देवळापाशी थांबली नाही. तिनं मारुतीला मान दिल्यासारखी चाल किंचित हलकी केली आणि पुढं निघाली. तात्यांनी पुन्हा ब्रेक दाबला. गरम झालेल्या लोण्याचा खमंग वास सुटला. उतार लागला. पुढचे बैल बाजूला झाले, माणसं बाजूला झाली, ढोलकीवाला ढोलकी टाकून बाजूला झाला. हातब्रेकचा नुसता दांडाच होता, तो तात्यांच्या हातात आला. तेव्हा त्या गाडीवरचं जे एकमेव काम करत होतं ते तात्यांनी वापरलं. त्यांनी भोंगा वाजवला, आणि तो ओढ्यापर्यंत वाजवतच ठेवला.

अण्णांनी जन्मभर गाडी एकाच पद्धतीनं थांबवली होती. त्यांनी "होऽ, हो हो" अशी हाळी दिली, पाय पुढं रोवले, आणि हाताला लागला तो दांडा कासरा समजून दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाचा जोर लावून मागं ओढला. तो पुढच्या चाकांचा दांडा होता. तात्यांची टोपी उडाली, खाली कुठंतरी खाणकन आवाज झाला आणि दांडा बसला. त्याच धक्क्यानं तात्यांचा पाय क्लचवरून निघाला आणि दुसरा पाय ब्रेकवरून घसरून जिथं पडायला नको होता तिथं, शेजारच्या अ‍ॅक्सिलरेटरवर पडला. जीपनं हुंकार दिला. थांबवायला ओढलेल्या कासऱ्यानं तिची चारी चाकं ओढायला लागली होती. आम्ही पाण्यात शिरलो, पाणी दोन्ही अंगांनी फेट्याच्याही वर गेलं, आणि मला काही कळायच्या आत बाशिंगासकट आम्ही पलीकडच्या चढावर होतो. मध्ये थांबून विचार करायला तात्यांना त्या दिवशी सवडच मिळाली नाही.

जीप फाट्यापर्यंत गेली. तिथं दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचा मोठा ढीग रस्त्याकडेला पडून होता. त्या ढिगावर ती अर्धी चढली, खोकली आणि बंद पडली. बायका-पुरुषांनी वर्षभर उन्हात बसून फोडलेली ती खडी निदान आमच्या कामी तरी आली. माझ्या मांडीवरचं ताट शाबूत होतं. गुळवणी मात्र सगळी माझ्या साडीवर होती.

मग अण्णा उतरले. फेटा नीट केला, पुढं गेले, एक पुरणपोळी मागून घेतली आणि तिचा तुकडा वाफाळणाऱ्या जाळीपाशी धरून म्हणाले, "खा बाबा." तेव्हा मला रडू आलं. हौश्याला ते अगदी असंच म्हणायचे. अण्णांचेही डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

तेवढ्यात श्रीरामपूरकडं जाणारी संध्याकाळची एसटी येऊन थांबली. कंडक्टरनं खिडकीतून आमच्याकडं बघितलं. खडीवर चढलेली, गोंडे लावलेली, लोण्याचा वास येणारी जीप, पुढं पुरणपोळी घेऊन उभा माणूस आणि मागं गुळवणीनं माखलेली मुलगी. त्याच्या नोकरीत असं काही त्यानं बघितलं नसावं. त्यानं नेहमीच्या आवाजात विचारलं, कोण येणार आहे का?

अण्णांनी वळून ओढ्याकडं बघितलं. चिखलातून सरळ वर आलेल्या चाकोऱ्या ओल्या होत्या आणि चमकत होत्या. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"आज न्हाई," ते म्हणाले. "परवापास्नं रोज एक शिट."

पुणतांब्याला निरोप गेला, की मुलगी शिकते आहे. निसार मिस्त्रीनं लायनर काढून पेट्रोलनं धुतले, वास घेतला, पुन्हा घेतला, आणि अण्णांनी सगळं खरं सांगितल्यावर तो गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून डोळे पुसेपर्यंत हसला. खांदा हा शब्द त्यानं पुढं कुठल्याच गिऱ्हाइकाशी वापरला नाही. निघताना त्यानं विचारलं की आता काय बसवायचं, दिवे का पडदे? तात्या आणि आई दोघंही पुढं सरसावले. अण्णा म्हणाले, "मागं एक पायरी बसीव. पोरीला लुगड्यात चढता येत न्हाई."

टर्रकन फाटलेला तो काठ त्यांनी पुढं बघत असताना ऐकला होता, हे मला तेव्हा कळलं. जुन्या नांगराच्या लोखंडाची ती पायरी पुढं सगळी वर्षं माझ्या पायाखाली राहिली. तिच्यावरून मी पदवीला गेले, मग मास्तरीण होऊन शाळेत गेले, आणि एका उन्हाळ्यात लग्न होऊन सासरी गेले, तेही तिच्यावरूनच. पोळा आला की अण्णा जीपला खांदेमळणी करायचे, पण टोपणावर. खांदे बंद आहेत म्हणायचे.

काल ओंकार मला त्याच्या गाडीतून नेवाशाला घेऊन निघाला. बाजारातून गोंडे आणायचे होते. तो वर जाऊन बसला, दार उघडलं, आणि मी खाली उभी राहिले. पाय ठेवायला काहीच नव्हतं. मी विचारलं, नव्या गाडीला पायरी देत नाहीत का? तो म्हणाला, "देतात की आत्या. मीच काढून टाकली. दगडाधोंड्यात गेल्यावर अडकते."

साडी सावरून तिथंच उभी राहिले. ओंकारनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा जमिनीकडं बघितलं. मग तो खाली उतरला आणि गोठ्यात पाना शोधायला गेला.